कासवाचे गुरुजी



मी इतिहासाचा माणूस. गणिताशी माझी फारकत शाळेतच झाली. पाढा चुकला की हातावर पट्टी बसे. त्यामुळे चुकायचे नाही एवढे मी शिकलो. चूक का झाली हे शोधायला मात्र कधी शिकलो नाही. म्हणूनच आज तुम्हांला एका कासवाची हकिकत सांगावीशी वाटते.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत संगणक शाळेच्या दाराशी येऊन ठेपला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक सूपीझ ह्यांनी त्याला अंकगणिताचा सराव घेण्याच्या कामी लावले. यंत्राने उदाहरण घालायचे, मुलाने कळा दाबून उत्तर द्यायचे, यंत्राने चूक की बरोबर ते सांगायचे. सरावाला हे ठीकच होते. पण विचारणारे यंत्र आणि उत्तर देणारे मूल, हे नाते जुनेच राहिले.

सीमोर पॅपर्ट ह्यांनी ते उलटे केले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले हे गणिती १९५८ ते १९६३ ह्या काळात जिनिव्हात जाँ पियाजे ह्यांच्याबरोबर काम करीत होते. मूल ज्ञान नुसते घेत नाही, ते स्वतः रचते, हा पियाजे ह्यांचा विचार ते अमेरिकेत घेऊन आले. १९६७ साली वॉली फॉयर्झिग आणि सिंथिया सॉलोमन ह्यांच्यासमवेत त्यांनी मुलांसाठी संगणकाची एक भाषा तयार केली. तिचे नाव लोगो. थोड्याच वर्षांत तिला कासव मिळाले. हे कासव म्हणजे लेखणी लावलेले, जमिनीवर फिरणारे एक छोटे यंत्र. पुढे ते पडद्यावर आले.

आता गंमत पहा. मुलाने हुकूम द्यायचा: पुढे १००, उजवीकडे ९०. असे चारदा केले की चौरस झाला. मग त्रिकोण काढू या. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल सांगते, उजवीकडे ६०. तीन बाजू होतात, पण टोके काही जुळत नाहीत! असे का? मूल उठते, स्वतःच कासव होऊन चालून पाहते आणि मग त्याला उमगते, की वळायचे ते आतल्या कोनाइतके नव्हे, बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंश. तीनदा १२० काय नि चारदा ९० काय, फेरी पुरी व्हायला ३६० अंशच लागतात. इथे चुकीला शिक्षा नाही. चूक शोधायची आणि दुरुस्त करायची. १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ ह्या ग्रंथात पॅपर्ट ह्यांनी हाच विचार मांडला.

पण इतिहास एकच बाजू सांगत नाही. १९८४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड ह्यांनी लोगो शिकणारी मुले तपासली. कामाची आखणी करण्याची हातोटी त्यांच्यात आपोआप आलेली दिसली नाही. यंत्र नुसते हाती दिल्याने बुद्धी वाढत नाही; ‘असे का झाले?’ म्हणून विचारणारे गुरुजी शेजारी लागतातच.

आज आपल्या खेड्यांतल्या कितीतरी शाळांत पडदे आले आहेत. तुमच्या वर्गात तसा असेल तर एवढेच पहा, की हुकूम कोण देतो आहे, यंत्र की मूल? आणि पडदा नसला तरी अडू नका. अंगणात एका मुलाला कासव करा, त्याच्या हाती खडू द्या आणि बाकीच्यांना हुकूम सोडू द्या. त्रिकोण पहिल्या खेपेला चुकेल. चुकू द्या.