इन्फिनिटी जी३७
इन्फिनिटी जी३७ ही निसानच्या इन्फिनिटी या आलिशान नाममुद्रेची, वेगवान धाटणीची सेडान मोटार होय. तिचे ३.७ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन ३२८ अश्वशक्ती देते. अमेरिकी शासनाच्या मापनानुसार मागील चाकांवर चालणारी स्वयंचलित गियरची जी३७ एका लिटरमध्ये शहरात सुमारे ८, तर महामार्गावर सुमारे ११.५ किमी धावते.

काटकसरी ग्राहकांसाठी अमेरिकेत २०११ च्या मॉडेलपासून २१८ अश्वशक्तीची, २.५ लिटरची जी२५ आली. संमिश्र वापरात १,००० किमीला जी२५ सुमारे १०२ लिटर पेट्रोल घेते, जी३७ त्याहून थोडेच जास्त. ११० अश्वशक्ती सोडून वाचतात ते जेमतेम काही लिटर! दोन्हींसाठी महागड्या प्रीमियम पेट्रोलचीच शिफारस असल्याने दरातही सवलत नाही. २०१२ च्या मॉडेलनंतर अमेरिकेतील जी२५ ची विक्री थांबली.