यजमानपदाची वाटणी

१९५३ साली जबलपूरला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरली, तेव्हा यवतमाळ जिल्हा यजमान राज्यात होता. नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेशात वऱ्हाडाचे चारही जिल्हे होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात गेले आणि १९६० ला महाराष्ट्रात आले. १९९४ ला ही स्पर्धा महाराष्ट्राकडे आली तेव्हा यवतमाळ दुसऱ्यांदा यजमान राज्यात होता. दोन्ही वेळा जिल्ह्याच्या वाट्याला फक्त बातम्या आल्या.

पहिल्या वेळी तक्रारीला जागाच नव्हती. तेव्हा यजमान असायचं ते शहर, राज्य नव्हे. दिल्ली, लाहोर, अलाहाबाद, मद्रास, कलकत्ता, मुंबई, पतियाळा, बंगळूर, लखनौ, कटक: १९२४ पासूनची यादी काढली तर ती अशी एकेका शहराची आहे. आज ती तशी राहिलेली नाही. गुजरातनं २०२२ ला सहा शहरांत स्पर्धा घेतली आणि उत्तराखंडनं २०२५ ला ती डोंगरापासून तराईपर्यंत पसरवली. एकाच स्पर्धेचं यजमानपद गावोगाव वाटून घ्यायची ही रीत आली कुठून, आणि ती आमच्या जिल्ह्यापर्यंत अजून का पोचली नाही, हे पाहायचं तर सुरुवात पुण्यातून करावी लागते.

१९०६ ला स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. ना बूट, ना शिक्षक, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत दोराबजींनी हिंदुस्थानसाठी ऑलिंपिकचा दरवाजा ठोठावला आणि १९२० ला सहा जण अँटवर्पला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू, तर मुंबईचे कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे हे मल्ल. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. शिंदे चौथे राहिले, कांस्यपदक थोडक्यात हुकलं.

ही मंडळी ज्या स्पर्धेला गेली, तीच मुळात एका गावात मावलेली नव्हती. नाव अँटवर्पचं, पण फुटबॉलचे सामने ब्रसेल्स आणि घेंटलाही झाले. वल्हवण्याच्या शर्यती ब्रसेल्सजवळच्या कालव्यात आणि शिडाच्या होड्या ऑस्टेंडच्या समुद्रात. छोट्या होड्यांच्या एका प्रकारात तर उरलेले दोन्ही संघ डच होते, म्हणून अखेरच्या फेऱ्या सरळ हॉलंडच्या पाण्यात उरकल्या. म्हणजे पहिल्यांदा बोट धरून ऑलिंपिकला गेलेल्या आपल्या खेळाडूंनी जी स्पर्धा पाहिली ती अनेक गावांत विभागलेलीच होती. यामागे कुठलं तत्त्वज्ञान नव्हतं, साधी अडचण होती. मैदान आखता येतं, तालीम बांधता येते. समुद्र हलवता येत नाही.

पाण्याची ही अडचण या रीतीचा मूळ पुरुष आहे, आणि तिनं पुढे कुणालाच सोडलं नाही. १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्या कीलला गेल्या, १९७२ ला म्युनिकच्याही तिथंच गेल्या. १९५६ ला आडवं आलं ते पाणी नव्हे, घोडे. ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे कायदे इतके कडक होते की स्पर्धा मेलबर्नला आणि घोडेस्वारी थेट स्टॉकहोमला, दुसऱ्या खंडात, झाली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेच घडलं. वल्हवण्याच्या शर्यतींसाठी जयपूरजवळचा रामगढ तलाव निवडला आणि शिडाच्या होड्या मुंबईच्या समुद्रात आल्या. पुढे तो रामगढ तलाव कोरडा पडला, हे सांगताना वाईट वाटतं. स्पर्धेनं एखाद्या जागेला नाव मिळवून दिलं म्हणून ती जागा आपोआप टिकत नाही.

पुन्हा देशाकडे वळू. अँटवर्पनंतर संघ निवडायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला. मद्रासच्या वायएमसीएचे डॉ. नोरेन यांनी प्रांतोप्रांती संघटना उभ्या करायला मोठा हात लावला आणि १९२४ ला दिल्लीत पहिली अखिल भारतीय स्पर्धा झाली. तिला म्हणत ‘इंडियन ऑलिंपिक’. पॅरिसला जाणारे खेळाडू तिथून निवडले गेले. १९२७ ला भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, दोराबजी अध्यक्ष आणि नोरेन सचिव. दर दोन वर्षांनी एक शहर, असा क्रम बसला. १९४० ला मुंबईच्या खेपेला नाव बदललं आणि ‘राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा’ रूढ झालं.

आमच्या शेजारच्या अमरावतीचा इथं मान आहे. वैद्य बंधूंनी १९१४ ला उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ ला आपलं पथक घेऊन बर्लिनला गेलं आणि ऑलिंपिकच्या वेळी जगापुढं मल्लखांब, हुतुतू करून दाखवला. दोनच वर्षांनी, १९३८ ला, कलकत्त्याच्या ‘इंडियन ऑलिंपिक’मध्ये कबड्डी आली. मल्लखांबाला मात्र राष्ट्रीय स्पर्धेत पदकाचा खेळ व्हायला २०२२ उजाडलं. बर्लिन ते गुजरात, मध्ये शहाऐंशी वर्षं. देशी खेळांना आपण किती उशिरा पंगतीत घेतलं, हे एवढ्यावरून कळावं.

१९८५ ला दिल्लीत राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ऑलिंपिकच्या धर्तीवर नव्यानं सुरू झाली. खेळ वाढले, खेळाडू वाढले आणि एका शहराच्या अंगात ते मावेनात. १९८७ ला यजमानपद केरळकडं गेलं. केरळनं ते तिरुवनंतपुरमला साठवून ठेवलं नाही. कोल्लम, आलप्पुळा, त्रिशूर, कोझिकोड, कन्नूर अशी गावं वाटेकरी झाली. माझ्या मते यजमान शहराची जागा यजमान राज्यानं घेतली ती इथं. पाण्यापायी आलेली सक्ती आता निवड झाली होती. लोकांचा फुटबॉलवर आणि व्हॉलीबॉलवर जीव असलेल्या राज्यात प्रत्येक जिल्ह्याला आपल्या दारात एखादा सामना हवा होता, आणि सरकारला तो देता आला.

१९९४ ला महाराष्ट्रानं मुंबई आणि पुणे अशी दोन शहरं घेतली. पुण्यात बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुल याच स्पर्धेसाठी उभं राहिलं. ते संकुल वाया गेलं असं कुणीही म्हणणार नाही. २००८ ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथं झाली, २०१९ ची खेलो इंडिया युवा स्पर्धा झाली, राज्याची शिबिरं तिथंच भरतात. पण एका निर्णयाचा परिणाम तीस वर्षं कसा टिकतो तेही यातून दिसतं. जे बांधलं ते सह्याद्रीच्या कुशीत बांधलं. यवतमाळच्या खेळाडूला बालेवाडी सहाशे किलोमीटरच्या पुढं आहे, आणि गाडी पकडायला आधी धामणगाव नाहीतर बडनेरा गाठावं लागतं. त्या वेळी तेरा हजार चौरस किलोमीटरच्या आमच्या जिल्ह्यात, किंवा सगळ्या पश्चिम विदर्भात, एखादा खेळ ठेवला असता तर निदान एक बंदिस्त क्रीडागृह आणि चार तयार पंच मागं उरले असते.

यानंतर वाटणी नेहमीची झाली. १९९७ ला बंगळूरबरोबर म्हैसूर, २००२ ला हैदराबादबरोबर विशाखापट्टणम, २०११ ला रांची, जमशेदपूर आणि धनबाद, २०१५ ला पुन्हा केरळ आणि सात जिल्हे. झारखंडची स्पर्धा तारखा ढकलत ढकलत चार वर्षं लांबली. गोव्याचीही अशीच वर्षानुवर्षं पुढं गेली, अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात फातोर्ड्याला उद्घाटन झालं. पेडे, कांपाल, बांबोळी, फोंडा, वास्को अशी अख्ख्या गोव्यात मैदानं सजली आणि महाराष्ट्रानं ८० सुवर्णांसह २२८ पदकं जिंकून पहिलं स्थान घेतलं. १९९४ नंतर पहिल्यांदाच.

गुजरातची गोष्ट मुद्दाम वेगळी सांगतो, कारण वाटणीचा खरा फायदा तिथं कळतो. गुजरातनं ही स्पर्धा अगदी थोड्या महिन्यांच्या तयारीत घेतली. हे जमलं, कारण नवं काही बांधायच्या मागं न लागता सहा शहरांत जे होतं ते वापरलं. हॉकी आणि पोहणं राजकोटला, बॅडमिंटन आणि टेबल टेनिस सुरतला, जिम्नॅस्टिक्स बडोद्याला, बाकीचं अहमदाबाद, गांधीनगर आणि भावनगरला. टेबल टेनिसच्या खेळाडूंना जागतिक स्पर्धेला जायचं होतं, म्हणून त्यांचे सामने उद्घाटनाच्या आधीच उरकून घेतले. सायकलींसाठी धावपट्टी नव्हती, तर ती शर्यत दिल्लीला पाठवली. एकाच शहरात सगळं असतं तर एवढी मोकळीक मिळाली नसती.

या पद्धतीला खोट नाही असं नव्हे. खेळाडूंचं एकच गाव राहत नाही. नेमबाज आणि खो-खोपटू एका पंगतीत जेवत नाहीत, मल्लाला धावपटूची शर्यत बघायला मिळत नाही. डॉक्टर, उत्तेजक चाचणीची पथकं, बसगाड्या सगळं प्रत्येक गावात वेगळं उभं करावं लागतं. ज्यांनी एकत्र राहून झालेल्या स्पर्धा अनुभवल्या त्यांना याची हळहळ वाटते, आणि ती खरी आहे. तरीही मागं काय उरतं हे पाहिलं तर माझं पारडं वाटणीकडंच झुकतं.

आता यवतमाळात एखादा खेळ घ्यायचा म्हणजे नेमकं काय लागतं ते बघू. खो-खो घ्या. या खेळाचे पहिले लेखी नियम १९१४ ला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात झाले, तेच ते दोराबजींचं मैदान. आमच्याकडे तालुक्याच्या शालेय स्पर्धेच्या सकाळी क्रीडाशिक्षक टेप, सुतळी आणि फक्कीचं घमेलं घेऊन येतात. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद चौकट ताणायची. सुतळीवरून मुठीनं फक्की सोडत जायचं आणि सुतळी अलगद उचलायची, खाली रेघ उमटते. मधल्या पाटीवर आठ चौरस, दोन टोकांना सव्वा मीटरचे खांब. खांब रंधा मारून गुळगुळीत केलेला लागतो, कारण पळता पळता पोरं त्याला हाताचा विळखा घालून वळतात. एक कूस राहिली तर तळहात फाटतो. आमची जमीन काळी. पावसात ती पायाला धरते, उन्हात भेगाळते, म्हणून आधी मुरूम टाकून रोलर फिरवावा लागतो. एवढं झालं की मैदान तयार. राष्ट्रीय पातळीवर त्याजागी मॅट येते, वर छप्पर येतं, मापं तीच राहतात.

माणसांचा हिशेबही अवघड नाही. राष्ट्रीय स्पर्धेत सांघिक खेळांना साधारण आठ-आठ संघ पात्र ठरतात. पंधरा जणांचा संघ धरला तर पुरुष आणि महिला मिळून अडीचशेच्या आसपास खेळाडू, वर प्रशिक्षक आणि पंच. जानेवारी २०१९ ला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळलाच झालं, तेव्हा याहून कितीतरी जास्त माणसांची सोय या शहरानं केली. पाण्याचे खेळ म्हणाल तर पैनगंगेवरचं इसापूर आहे, बाभूळगावकडं बेंबळा आहे, पुसदला पूस धरण आहे.

जानेवारी २०२३ च्या महाराष्ट्र राज्य ऑलिंपिक स्पर्धेत ही दिशा थोडी दिसली. पुण्याबरोबर नागपूर, अमरावती, जळगाव, नाशिक, सांगली, बारामती अशा ठिकाणी खेळ वाटले गेले. अमरावती आली याचा आनंद आहेच. पण विभागाचं ठिकाण आलं म्हणजे विभाग आला असं होत नाही. उमरखेडच्या किंवा झरी जामणीच्या मुलीला अमरावतीही लांबच.

‘एवढ्या लहान गावात राष्ट्रीय सामने कसे घेणार’ असं विचारणाऱ्यांना उत्तराखंडनं उत्तर दिलेलं आहे. योगासनं अल्मोड्याला, होड्या टिहरीच्या धरणात आणि मुष्टियुद्ध पिथौरागडला. पिथौरागडला रेल्वे नाही, टनकपूरला उतरून घाटाच्या रस्त्यानं दीडशे किलोमीटर चढावं लागतं. तरी देशभरातले मुष्टियोद्धे तिथं पोचले आणि लढती झाल्या. आमच्याकडे निदान कळंबपर्यंत तरी रेल्वे आली आहे, वर्ध्याहून, फेब्रुवारी २०२४ पासून.

एकोणचाळिसावी स्पर्धा मेघालयाला मिळाली आहे. महाराष्ट्राची पाळी पुन्हा येईल तेव्हा राज्याच्या ऑलिंपिक संघटनेनं आणि क्रीडा खात्यानं पहिल्या बैठकीतच जिल्ह्यांची यादी पुढं ठेवावी, आणि खो-खोच्या समोर यवतमाळ लिहावं. आपल्या जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी, शाळांनी आणि खेळाडूंच्या पालकांनी ही मागणी स्पर्धा जाहीर होण्याची वाट न पाहता आत्तापासून लेखी द्यावी. ठिकाणं एकदा ठरली की नंतर कुणी बदलत नाही.