अंतरावर बांधलेली खोली

निसर्गात मिसळून जाणारी कामाची जागा म्हटली की आज आपण आधी साहित्य निवडतो: मातीच्या भिंती, लाकडी फळ्या, छपरावर गवत. गुस्ताव मालर या संगीतकाराच्या तीन खोल्यांचा इतिहास पाहिला तर हा क्रम चुकीचा वाटतो. १८९७ ते १९०७ मालर व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक होता. त्याआधी हॅम्बुर्गला होता. स्वतःच्या रचनांसाठी त्याला उन्हाळ्याची सुटीच काय ती मिळे. ऑस्ट्रियात आटरझे तळ्याकाठी, श्टाइनबाखच्या कुरणात त्याची पहिली खोली उभी राहिली, मायरनिगची दुसरी घरामागच्या चढावर, रानात, आणि १९०८ मध्ये टोब्लाखला तिसरी. पहिल्या दोन पक्क्या भिंतींच्या, तिसरी लाकडी. साहित्य बदलत गेले. राहत्या घरापासूनचे अंतर आणि एका माणसापुरता आकार मात्र तिन्हींत कायम राहिला. माझ्या मते या खोल्यांना निसर्गाचा भाग केले ते याच दोन गोष्टींनी.

यावर कोणी म्हणेल, एकांतच हवा तर शहरातली बंद खोली काय वाईट? उत्तर त्याच्या संगीतातच आहे. मायरनिगला लिहिलेल्या सहाव्या सिंफनीत गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात, आणि त्या दुरून ऐकू याव्यात अशी त्याची सूचना आहे. दूरचा नाद कानी यायचा तर जवळची वर्दळ आधी थांबावी लागते, आणि अंतराने साधले ते हेच. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग यालाही हा अनुभव आला. ल्योफ्थूस गावातल्या त्याच्या खोपटाजवळ लोक थांबून ऐकू लागले, म्हणून ते अख्खे खोपटच उचलून दुसरीकडे हलवले गेले. पुढे १८९१ मध्ये ट्रोलहाउगेनला त्याने घराच्या खाली, पाण्यालगत नवी खोली बांधली. तिथेच १९८५ मध्ये २०० आसनांचे सभागृह झाले, तेव्हा त्याला गवताचे छप्पर द्यावे लागले. मोठ्या इमारतीला लपावे लागते. ग्रीगच्या खोलीला जागा आणि आकारच पुरेसे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला मान्य आहे. हे अंतर आपोआप टिकत नव्हते. मालरची पत्नी आल्मा हिच्या आठवणींनुसार, मायरनिगची स्वयंपाकीण सकाळी न्याहारी घेऊन निसरड्या आडवाटेने वर जाई, कारण कामाआधी मालरला कोणाचे तोंडही दिसायला नको असे. त्या खोलीच्या रचनेत ही आडवाटही धरली पाहिजे. आल्मा स्वतः संगीत रचत असे. १९०२ च्या विवाहाआधी मालरने तिला ते सोडायला लावले. घरातली शांतता राखण्याचे काम तिच्याकडे आले, आणि तीन खोल्यांपैकी एकही तिच्यासाठी बांधलेली नव्हती.