लाल शाई आणि लंडनची बोली

सत्तरी ओलांडलेल्या मास्तरने रॅपवर लिहायचे म्हणजे हसाल तुम्ही. हसा. पण हे नाव काही माझ्या डोक्यातून जात नाही.

२०२०च्या मे महिन्यात लंडनहून भाच्याचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाला, "मामा, टाय गेला." मला आधी वाटले, त्याचा कुणी मित्रच असावा.

टाय म्हणजे बेन चिजिओके. जन्म १९७२, लंडनचा. आईवडील नायजेरियाचे. करोना झाला, अतिदक्षता विभागात ठेवले. तिथून बाहेर आला, सगळ्यांना हायसे वाटले, आणि मग न्यूमोनियाने गाठले. ७ मे रोजी ४७व्या वर्षी संपला. ज्यांच्या 'होम कुकिंग' (२००२) या अल्बमवर तो गायला होता, ते नायजेरियाचे थोर ढोलवादक टोनी ॲलन आठवडाभर आधीच, ३० एप्रिलला, पॅरिसमध्ये वारले होते.

हिप हॉप मूळचे न्यूयॉर्कचे, १९७०च्या दशकातले. ते लंडनला आले तेव्हा तिथली पोरे रॅप करताना अमेरिकन उच्चार काढत. रॅप म्हणजे तसेच बोलायचे, अशी समजूत! १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'लंडन पॉसी'च्या रॉडनी पी आणि मंडळींनी आपल्या गल्लीतल्या इंग्रजीत रॅप सुरू केले. त्या वाटेने पुढे जे आले, त्यांतला टाय एक. १९९०च्या दशकात तो 'घेटो ग्रामर' नावाच्या लेखन-कार्यशाळांत होता. नाव पाहा! वस्तीचे व्याकरण.

'बिग डाडा' या छोट्या कंपनीने २००१ साली त्याचा 'ऑकवर्ड' काढला, २००३ मध्ये 'अपवर्ड्स'. तो २००४च्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत आला, पण पारितोषिक गेले फ्रान्झ फर्डिनांडकडे. २००६च्या 'क्लोजर'मध्ये अमेरिकेचे डे ला सोल त्याच्यासोबत गायले. २०१० नंतर थेट २०१८ मध्ये 'अ वर्क ऑफ हार्ट'. मोठा पैसा, मोठे नाव कधी झाले नाही. पण पुढे 'किंगडेम' या नावाने तो मंचावर उभा राहिला तो ब्लॅक ट्वांग आणि त्याच रॉडनी पीच्या शेजारी.

भाच्याने पाठवलेली गाणी मी ऐकली. निम्मे शब्द कळले नाहीत. पण माणूस ओरडत नाही, शिव्यांची बरसात करत नाही. ओट्यावर बसून बोलावे तसा बोलतो, एवढे कळले.

आणि मला वर्गातला एक मुलगा आठवला. निबंधात 'व्हतं', 'म्हनून', 'पानी' लिहायचा. चार-चार पाने लिहायचा. मी प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढली. प्रमाणभाषा शिकवणे माझे कामच होते, त्याबद्दल पश्चात्ताप नाही. पण त्या चार पानांत त्याने काय सांगितले आहे, हे मी एकदाही त्याला विचारले नाही.

वर्षअखेरीस त्याचे निबंध शुद्ध झाले. आणि अर्ध्या पानाचे झाले. मी त्याला दहापैकी सात गुण दिले होते.

असो. आज तो कुठे आहे, ठाऊक नाही. भेटला तर पहिला प्रश्न शुद्धलेखनाचा नसेल.