जागा सांगणारी घड्याळे

मोबाइलच्या नकाशावर सरकणारा निळा ठिपका पाहून अनेकांची समजूत होते की, वर एखादा उपग्रह आपल्यावर नजर ठेवून आपली जागा कळवीत आहे. प्रत्यक्षात खाली कोण आहे, हे त्या उपग्रहाला ठाऊकच नसते. तो अखंडपणे दोनच गोष्टी सांगत राहतो: तो स्वतः कुठे आहे आणि त्याच्या घड्याळात किती वाजले आहेत. उरलेला हिशेब हातातल्या यंत्राचा. या व्यवस्थेची सुरुवात मात्र नेमक्या उलट प्रश्नातून झाली.

४ ऑक्टोबर १९५७. शुक्रवार. सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला. सोमवारी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांना आश्चर्य वाटले ते याचे की, स्पुटनिकचे ‘बीप-बीप’ ऐकण्याचा प्रयत्न तिथे कोणीच केला नव्हता. वायफेनबाख यांच्याकडे त्यांच्या संशोधनासाठीचा रेडिओ-रिसीव्हर होता. तार जोडून दोघे ऐकत बसले.

जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी ऐकू येते, पुढे गेली की उतरते. हाच डॉप्लर परिणाम. स्पुटनिकच्या २० मेगाहर्ट्झच्या संकेतातही असाच काहीशे हर्ट्झचा चढउतार होता. तो किती वेगाने होतो, यावरून उपग्रह किती अंतरावरून गेला हे काढता येत होते. एकाच ठिकाणी बसून, केवळ ‘शिट्टी’ ऐकून, दोघांनी उपग्रहाची संपूर्ण कक्षा गणिताने मांडली.

मार्च १९५८ मध्ये प्रयोगशाळेतील वरिष्ठ शास्त्रज्ञ फ्रँक मॅक्लुअर यांनी दोघांना बोलावून विचारले: जमिनीवरची जागा माहीत असताना उपग्रह सापडतो, मग उपग्रहाची कक्षा माहीत असेल, तर जमिनीवरची जागा सापडेल का? उत्तर ‘होय’ आले, आणि तेही अपेक्षेपेक्षा चांगले. मॅक्लुअर यांच्या प्रश्नामागे निव्वळ कुतूहल नव्हते. अण्वस्त्रे वाहणाऱ्या ‘पोलॅरिस’ क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्या अमेरिकी नौदल तेव्हा बांधत होते. आपण स्वतः कुठे आहोत हेच पाणबुडीला अचूक ठाऊक नसेल, तर क्षेपणास्त्र लक्ष्यावर पडणार कसे?

त्यातून ‘ट्रान्झिट’ ही जगातील पहिली उपग्रह दिशादर्शन प्रणाली जन्मली. तिचा पहिला यशस्वी उपग्रह १९६० मध्ये कक्षेत गेला, १९६४ पासून नौदल ती वापरू लागले आणि १९९६ अखेरपर्यंत ती चालली. पण तिची मर्यादा मोठी होती. उपग्रह माथ्यावरून जाण्याची वाट पाहायची, मग दहा-पंधरा मिनिटे त्याचा संकेत ऐकत राहायचे, तेव्हा कुठे जागा कळणार. संथ जहाजाला हे चालले. वेगवान विमान तेवढ्या वेळात शेकडो किलोमीटर पुढे निघून गेलेले असे.

इथे घड्याळ रंगमंचावर आले. प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर धावतात. संकेत कधी निघाला आणि कधी पोहोचला हे कळले, तर अंतर आपोआप कळते. फक्त वेळेतली एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरातली ३०० मीटरची चूक. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील रॉजर ईस्टन यांनी घड्याळच कक्षेत ठेवण्याचा मार्ग धरला. प्रकल्पाचे नाव ‘टाइमेशन’, म्हणजे ‘टाइम’ आणि ‘नॅव्हिगेशन’ यांचा जोड. १९६७ मध्ये त्यांचा पहिला उपग्रह क्वार्ट्झचे घड्याळ घेऊन वर गेला.

त्याच काळात हवाई दलाचा वेगळा प्रकल्प चालू होता. दोन्ही दलांत चढाओढ होती. सप्टेंबर १९७३ मध्ये, सुट्टीमुळे ओस पडलेल्या पेंटॅगॉनमध्ये, कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांनी मोजके अधिकारी घेऊन एक समाईक आराखडा तयार केला. तोच जीपीएस. श्रेय ईस्टनचे की पार्किन्सनचे, हा वाद पुढेही चालत राहिला. मात्र कक्षेतले अचूक घड्याळ आणि हवाई दलाने विकसित केलेली संकेताची रचना, यांपैकी एकही वगळले तर ही प्रणाली उभी राहत नाही.

आराखड्यातील सर्वांत देखणी युक्ती चौथ्या उपग्रहाची होती. तीन उपग्रहांपासूनची अंतरे म्हणजे तीन गोल. ते एकमेकांना छेदतात तिथे आपली जागा. मग चौथा कशाला? उपग्रहात अणुघड्याळ असते, पण ते प्रत्येक सैनिकाच्या पाठीवर देणे अशक्य होते. त्याच्या रिसीव्हरमधले घड्याळ साधे, चुकणारे. म्हणून त्या घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी मानली गेली. चार अज्ञात, चार समीकरणे. त्यामुळे रिसीव्हर जागेबरोबर स्वतःचे घड्याळही दुरुस्त करून घेतो. आज खिशातल्या स्वस्त फोनला जागा कळते ती याच तोडग्यामुळे.

उपग्रहातल्या घड्याळाचा प्रश्न मात्र आइन्स्टाइनपर्यंत गेला. सापेक्षता सिद्धांतानुसार वेगामुळे ते दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडायला हवे, आणि तिथल्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जायला हवे. हा फरक खरोखर जाणवेल का, याविषयी काही जण साशंक होते. म्हणून २३ जून १९७७ रोजी सोडलेल्या ‘एनटीएस-२’ या उपग्रहात सीझियम घड्याळाबरोबर दुरुस्तीची सोय ठेवली, पण ती बंद करून. सुमारे वीस दिवस घड्याळ मोजले गेले. ते दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जात होते, भाकिताच्या अगदी निकट. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. दुरुस्ती सुरू करण्यात आली. तेव्हापासून जीपीएसची घड्याळे जमिनीवरच किंचित मंद लावून वर पाठवली जातात.

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. विमानातले सर्व २६९ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेमुळेच जीपीएस सामान्यांना मिळाले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. नागरी वापराचा संकेत मूळ आराखड्यातच होता. अध्यक्ष रेगन यांच्या प्रशासनाने जगभरच्या नागरी वापराला तो उपलब्ध राहील, अशी जाहीर ग्वाही दिली.

ग्वाही दिली, तरी अचूकता दिली नाही. १९९० च्या दशकात नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली जात होती, आणि जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकत असे. ही चूक कशी मिसळत? उपग्रहाच्या घड्याळाची वेळ जाणूनबुजून डळमळीत करून. जागा लपवायची, तर वेळच खोटी सांगायची! अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २००० रोजी हा प्रकार थांबला, आणि जगभरचे रिसीव्हर एका रात्रीत अचूक झाले.

परक्याच्या घड्याळावर विसंबायचे नाही, म्हणून रशिया, युरोप आणि चीनप्रमाणे भारतानेही स्वतःची प्रणाली उभारली. तिचा पहिला उपग्रह ‘आयआरएनएसएस-१ए’ १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावला. त्यातली तीन रुबिडियम घड्याळे मात्र युरोपातून आणलेली होती, आणि काही वर्षांतच तिन्ही बंद पडली. बाकी उपग्रह शाबूत होता. कक्षा योग्य, संदेशवहन चालू. पण वेळ अचूक सांगता येत नसल्याने जागा ठरवण्यासाठी तो निरुपयोगी झाला. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णतारोधक आवरण न उघडल्याने आतच अडकून राहिला. एप्रिल २०१८ मध्ये पुढचा उपग्रह कक्षेत पोहोचला. आणि २९ मे २०२३ रोजी ‘एनव्हीएस-०१’ वर गेला, तेव्हा त्याच्या आत भारतात घडवलेले रुबिडियम अणुघड्याळ होते.