टॅक्सीच्या पोटातला गिअरबॉक्स

आजची गोष्ट एका गिअरबॉक्सची आहे. ती घडते कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये.

१९६२ सालच्या एप्रिलमध्ये हुगळीतली वाळू नळांतून आणून खाऱ्या दलदलीवर ओतायला सुरुवात झाली. त्या भरावावर पुढे हे शहर उभं राहिलं. आराखडा युगोस्लाव्ह वास्तुरचनाकार तोशकोविच यांचा. त्याच वर्षी, हुगळीपलीकडच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बॅसडरची 'मार्क टू' बाहेर पडली. माझ्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ सॉल्ट लेकमध्ये राहतात, त्यांच्याकडे अशीच एक मार्क टू आहे. ती दुसऱ्या गिअरमध्ये टिकेना. ॲक्सिलरेटर सोडला की गिअर सुटायचा. गिअरबॉक्स उघडायचा ठरला आणि प्रश्न आला, पार्ट आणायचे कुठून?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरासाठी इतिहासात जावं लागतं. ॲम्बॅसडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचा चार गिअरचा बॉक्स त्या काळच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या घराण्यातला. एमजीए नावाची स्पोर्ट्स कारही त्याच घराण्यातली. म्हणून आजही काही बेअरिंगं, रोलर, सिंक्रो रिंग यांसाठी लोक इंग्लंडच्या एमजीवाल्यांकडे चौकशी करतात. पण घराणं एक म्हणून भाऊ सारखे असतात असं नाही. दात मोजल्याशिवाय, शाफ्टचा व्यास तपासल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

गाडी बनत होती तोवर ही चिंता नव्हती. कारखाना नदीपलीकडे, आणि रस्त्यावर पिवळ्या टॅक्सींचा पूर. क्लासिक गाडीचं खरं गोदाम त्या टॅक्सीच होत्या, असं माझं मत आहे. टॅक्सीला पार्ट रोज लागतो, म्हणून दुकानदार तो ठेवतो. हौशी माणूस वर्षाला एकदा येतो, त्याच्यासाठी कुणी माल भरत नाही. आपल्याकडे मुंबईत हेच काम पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी केलं. ती गाडी कुर्ल्याची, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली.

कोलकात्यात २००८ साली उच्च न्यायालयाने १५ वर्षांपेक्षा जुनी व्यावसायिक वाहनं बंद करण्याचा आदेश दिला, आणि २००९मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. शहराच्या हवेसाठी ते योग्यच होतं. पण जुन्या टॅक्सी भंगारात जाताना बॉक्सही सोबत गेले. मे २०१४मध्ये उत्तरपाड्याचं काम थांबलं. नंतरच्या काळातल्या इसुझू इंजिनाच्या गाड्यांना पाच गिअरचा निराळा बॉक्स होता. त्याचं सामान मार्क टूला चालत नाही.

आता आपले गृहस्थ. ते मल्लिक बाजारात गेले, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी कोलकात्यात प्रसिद्ध असलेल्या बाजारात. तिथे दोन तऱ्हेचा माल समोर आला: वापरलेला अस्सल, आणि कोरा करकरीत डुप्लिकेट. पहिल्यांदा ते कोऱ्यालाच भुलले. चकचकीत लेशाफ्ट घेतला आणि मिस्त्रीने बसवला. काही आठवड्यांत बॉक्स घरघरू लागला. उघडून पाहिलं तर शाफ्टवर, जिथे सुईसारखे बारीक रोलर फिरतात, तिथे खड्डे पडलेले.

कारण असं की चांगल्या शाफ्टचा वरचा थर कडक असतो आणि गाभा चिवट. ही उष्णता-प्रक्रिया नीट झाली नाही, तर पार्ट मऊ राहतो किंवा पापुद्रे सोडतो. दिसायला दोन्ही सारखेच! मिस्त्री मग एक जुनी युक्ती करू लागले. ज्या भागावर काही फिरत नाही, अशा टोकाला बारीक कानस हलकेच ओढायची. कडक पोलाद असेल तर कानस घसरते, मऊ असेल तर चावते. दुकानदार कानस बघून कपाळाला आठ्या घालतो, ते वेगळं.

सिंक्रो रिंग ही पितळी जातीची कडी. ती गिअरच्या शंकूवर दाबून पिळायची. तिने पकडलं पाहिजे. कडी आणि गिअर यांच्यामध्ये फट उरली पाहिजे. फट संपली असेल, तर रिंग संपली. या बॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोच नाही. म्हणून गाडी चालती असताना पहिला टाकण्याची सवय असलेल्या ड्रायव्हरांनी त्याच्या दातांच्या कडा गोल केलेल्या असतात. जुन्या बॉक्समध्ये सर्वांत आधी तेच दात पाहायचे.

हे सगळं पाहून त्यांनी सुटे पार्ट घेण्याचा नाद सोडला आणि दोन पूर्ण जुने बॉक्स विकत घेतले. एकाचा पहिला गिअर गेलेला, पण लेशाफ्ट निर्मळ. दुसऱ्याचं उलट. बेअरिंगं मात्र नामांकित कंपनीची नवी घेतली, कारण ती मापावर मिळतात. त्यात जुगार नाही.

जाता जाता एक आठवण. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. त्यांच्या गाडीत पाच गिअरचा बॉक्स टाकून मोकळं व्हा, असं सांगणारे पुष्कळ होते. त्यांनी ऐकलं नाही. दोन बॉक्सचा एक झाला, आणि उरलेलं सामान आता जिन्याखाली ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय.