डावा कोपरा कोणाचा?
पुणेरी पलटणची वाटचाल

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या आठ संघांपैकी दोन महाराष्ट्राचे होते: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. यू मुंबाने दुसऱ्याच मोसमात विजेतेपद मिळवलं. पलटणने पहिले दोन्ही मोसम तळाशी काढले. त्या संघाला पुढे विजेतेपदापर्यंत नेण्यात एका जागेचा वाटा मोठा आहे. ती जागा म्हणजे डावा कोपरा.

बाहेरून पाहणाऱ्याला कबड्डी चढाईची वाटते, कारण टाळ्या चढाईपटूला मिळतात. पण सात जणांच्या बचावाचे दोन खांब म्हणजे दोन कोपरे. उजव्या अंगाने येणारा चढाईपटू समोरच्यांच्या डाव्या कोपऱ्यावर चाल करतो. बोनस रेषेकडे जाणारा पाय रोखायचा तो कोपऱ्यानेच आणि घोट्याला पहिला हात घालायचा तोही त्यानेच. हात अर्धा क्षण लवकर पडला तर गुण जातो, उशिरा पडला तर चढाईपटू निसटतो. विशीतला मुलगा निव्वळ वेगावर चढाई जिंकून देऊ शकतो. कोपऱ्याला मात्र समोरच्याचं मन वाचावं लागतं, आणि ते बहुधा सामने खेळूनच येतं.

मनजित छिल्लरच्या नेतृत्वाखाली २०१६ मधल्या दोन्ही मोसमांत पलटण तिसरी आली. त्यानंतर संघाने चढाईवर पैसा लावला. २०१८च्या लिलावात नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख रुपये मोजले, पण विजेतेपद दूरच राहिलं.

निवड फसण्याची ही अडचण फक्त कबड्डीच्या लिलावाची नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये पैशांच्या बोलीऐवजी पाळीने खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. तिथली अवघड जागा म्हणजे सेंटर, बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने १९७४ मध्ये पहिल्याच पाळीवर बिल वॉल्टनला घेतलं आणि १९७७ मध्ये विजेतेपद मिळवलं. १९८४ मध्ये दुसऱ्या पाळीवर त्यांनी सॅम बोवी हा सेंटर निवडला. तिसऱ्या पाळीवर शिकागोने मायकल जॉर्डनला घेतलं. २००७ मध्ये पोर्टलंडने पहिल्या पाळीवर ग्रेग ओडनला पसंती दिली, आणि केव्हिन ड्युरंट दुसऱ्या पाळीवर गेला. बोवी आणि ओडन दोघांची कारकीर्द दुखापतींनी पोखरली. दुर्मीळ जागेचा माणूस समोर दिसला की निवडणाऱ्याची नजर बांधली जाते.

पलटणने वेगळी वाट धरली ती २०२१च्या मोसमात. प्रशिक्षक अनुप कुमार होते. राहुल चौधरी, नितीन तोमर, विशाल भारद्वाज अशी नावाजलेली मंडळी संघात होती. पण मैदान गाजवलं ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारने आणि मोहित गोयतने. नाशिकचा आकाश शिंदे, पंकज मोहिते, बचावात संकेत सावंत, अबिनेश नादराजन आणि उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री अशी तरुण फळी हळूहळू उभी राहिली. उरला तो डावा कोपरा.

२०२२ मध्ये तो विकत आणला. इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आला आणि कर्णधार झाला. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली संघ प्रथमच अंतिम फेरीत गेला. १७ डिसेंबरला मुंबईत जयपूरने त्यांना ३३–२९ असं हरवलं.

पुढच्या लिलावाआधी पलटणने फझलला सोडलं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवलं. अस्लम भारताकडून होता, मोहम्मदरझा शादलुई इराणकडून. त्यानंतर दोनच दिवसांनी सुरू झालेल्या लिलावात पलटणने शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. संघाची एकूण थैली होती ५ कोटींची. एका कोपऱ्यावर जवळपास निम्मी थैली रिकामी करणं परवडलं, कारण चढाईची फळी घरची होती.

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८–२५ने नमवून पलटणने पहिलं विजेतेपद पटकावलं. कर्णधार अस्लम मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, शादलुई सर्वोत्तम बचावपटू.

पण विकत घेतलेला कोपरा टिकत नाही. शादलुई पुढच्या लिलावात २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. अस्लम दुखापतग्रस्त झाला आणि पलटण बाद फेरीबाहेर राहिली. त्या मोसमाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ला पुण्यातच, बालेवाडीत झाला. पलटणच्या अंगणात चषक उचलला तो शादलुईच्या हरियाणाने. अजय ठाकूर प्रशिक्षक असताना २०२५ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीने ३१–२८ने बाजी मारली. दिल्लीच्या बचावात होता फझल अत्राचली.

बारा मोसमांत तीन अंतिम सामने आणि एक विजेतेपद मिळालं. अस्लमच्या वयाचे चढाईपटू पलटणने घडवले, तसा डावा कोपरा अजून घडवायचा आहे. असा मुलगा केवळ पुण्या-मुंबईतच सापडेल असं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचा खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून नव्हे, विदर्भाच्या संघातून उतरतो. महाराष्ट्राच्या संघाकडेच पाहणाऱ्या निवडकर्त्याला तो दिसणारच नाही. गावच्या स्पर्धेत बक्षीस उत्कृष्ट चढाईसाठी असतं तसं उत्कृष्ट पकडीसाठीही असतं. ते घेणाऱ्याचं नाव टिपून ठेवण्यात लिलावातल्या कोट्यवधींपेक्षा खर्च कमी आणि मुदत जास्त आहे. पलटणचं पुढचं दशक त्या हिशेबावर ठरेल.